पहिली टर्बो गाडी कोणती

माझ्या नवऱ्याला ‘मीठ’ हा शब्द सापडत नाही. जेवताना तो आमटीकडे बोट दाखवतो, डाव्या हाताने हवेत चिमूट सोडतो, आणि तरीही माझ्या लक्षात आलं नाही तर ताट सरकवून देतो. पण चौसष्ट साली कुठल्या अमेरिकन गाडीत केवढं इंजिन बसवलं होतं हे विचारा, उत्तर येतं. अडखळत येतं, इंग्रजीत येतं, पण येतं. ज्या माणसाला बायकोचं नाव घ्यायला घाम फुटतो त्याला गाड्यांचे क्युबिक इंच तोंडपाठ आहेत, याचा मला सुरुवातीला फार राग यायचा. आता रागवायलाही अंगात त्राण लागतं, म्हणून सोडून दिलंय.

अर्धांगाचा झटका आला त्याला दोन वर्षं होऊन गेली. उजवा पाय बऱ्यापैकी परत आला, उजवा हात अर्धामुर्धा, आणि बोलणं कुठेतरी आत अडकून राहिलं. समजतं त्याला सगळं. हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलंय की आता ते माझं मलाच खोटं वाटायला लागलंय. महाराष्ट्र मंडळातले ओळखीचे लोक शहराच्या दुसऱ्या टोकाच्या ग्लेन वेव्हर्लीहून पार आमच्या वेरिबीपर्यंत गाडी हाकत भेटायला येतात, चकल्या आणतात, आणि त्याच्यासमोर बसून मला विचारतात, काय म्हणतोय, सुधारणा आहे का? अरे, तो समोर बसलाय, त्यालाच विचारा की. पण असं म्हणायचं नसतं. चहा टाकायचा असतो.

बोलणं शिकवायला येणारी थेरपिस्ट पहिले काही महिने फळांची चित्रं दाखवायची. पेअर, प्लम, पीच. तो एकेका चित्राकडे असा बघायचा की जणू त्या बाईने त्याचा अपमान करायला सिडनीहून विमान पकडलंय. शेवटी तिनेच हात टेकले आणि मला म्हणाली की याला आधीपासून ज्याचं वेड होतं त्याबद्दल विचारा, तिथले शब्द आधी वर येतील. मी म्हटलं, गाड्या. ती म्हणाली, मग गाड्या.

अशा रीतीने, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, ज्या बाईला पार्किंगमध्ये स्वतःची गाडी रंगावरून ओळखावी लागते तिने अमेरिकन मसल कारचा, म्हणजे दांडग्या इंजिनांच्या जुन्या गाड्यांचा, इतिहास शिकायला घेतला. सकाळी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम, मग त्याची औषधं, व्यायाम, स्वयंपाक, कपडे, आणि संध्याकाळी आमची प्रश्नमंजूषा. मला काही आवड निर्माण झाली नाही, उगाच खोटं कशाला सांगू. शाळेत सनावळ्या पाठ केल्या तशाच याही केल्या.

वेड त्याने पुण्याहूनच आणलं होतं. कॉलेजात असताना फुटपाथवरच्या रद्दीतून तो अमेरिकन गाड्यांची जुनी मासिकं उचलायचा. आजूबाजूला सगळे स्कूटर तिरकी करून किक मारत असताना हा खोलीत बसून आठ सिलिंडरच्या इंजिनांचे फोटो बघायचा. पुढे मेकॅनिकल इंजिनिअर झाला, स्किल्ड व्हिसावर आम्ही इथे ऑस्ट्रेलियात आलो, आणि त्याला एका इंजिनांच्या कारखान्यात नोकरी लागली. त्या दिवसांत तो इतका खूश होता की रविवारीसुद्धा लवकर उठायचा. मग या देशात गाड्या बनवणंच बंद झालं. कारखाना गेला, आणि तो एका गोदामात माल मोजायच्या कामाला लागला. त्याबद्दल कधी एक शब्द बोलला नाही. फक्त जुन्या गाड्यांची प्रदर्शनं बघायला जाणं वाढलं.

ती प्रदर्शनं मी पुष्कळ भोगली आहेत. एखाद्या मैदानात ओळीने गाड्या उभ्या, सगळ्यांची बॉनेटं उघडी, आणि शेजारी खुर्च्या टाकून त्यांचे मालक. आमची मुलगी आइसक्रीम खात, मी झाडाखाली मेथीचे पराठे घेऊन, आणि हा प्रत्येक बॉनेटमध्ये डोकं घालून. येताना गाडीत व्याख्यान. अमेरिकेतल्या एका मोठ्या कंपनीचा स्वतःचाच नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत मोठं इंजिन घालायचं नाही. मग तिथल्याच काही चलाख लोकांनी ते इंजिन ‘गिऱ्हाइकाने मागितलं तर’ या नावाखाली आत सरकवलं, आणि ‘जीटीओ’ ही गाडी जन्माला आली. वरिष्ठांना कळेपर्यंत गाड्या खपल्या होत्या, त्यामुळे कोणी काही बोललं नाही. हे सांगताना तो स्टिअरिंगवर हात आपटायचा. मी हूं म्हणायचे. मुलगी मागे झोपलेली असायची.

त्याची सगळ्यात लाडकी गाडी मात्र कोणाच्या खिजगणतीत नसलेली. बासष्ट सालची ‘जेटफायर’. टर्बो म्हणजे काय हे मला त्याच्याचमुळे माहीत. इंजिनातून जो धूर बाहेर फुकट जातो त्याच्याच जोरावर एक छोटा पंखा फिरवायचा आणि त्या पंख्याने इंजिनात जास्तीची हवा कोंबायची. कल्पना एका स्विस माणसाची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. विमानांना ती आधी मिळाली, कारण उंचावर हवा विरळ. साध्या माणसाच्या गाडीत ती आली ती या जेटफायरमध्ये. दोनशे पंधरा क्युबिक इंच, दोनशे पंधरा हॉर्सपॉवर. इंचाला एक घोडा, असं तो म्हणायचा, आणि पुन्हा म्हणायचा. अॅल्युमिनियमचं ते इंजिन पुढे इंग्रजांनी विकत घेतलं आणि त्याचा मोठा भाऊ इथल्या एका ऑस्ट्रेलियन गाडीतही बसला. पण त्याला टर्बोचंच कौतुक.

तर हे सगळं मी पाठ केलं. आणि त्याचा उपयोग झाला, हे मान्य करायला हवं. वर्षभरात तो संध्याकाळी खुर्चीत बसून माझी वाट बघायला लागला. मी कणिक मळताना प्रश्न टाकायचे आणि तो उत्तर शोधायचा. सापडलं की डावी मूठ मांडीवर आपटायचा. दिवसभरात तेवढा एकच तास तो मला जुना वाटायचा.

बाकीचे तास सांगण्यासारखे नाहीत, पण सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. त्याला आंघोळ मी घालते. कमोडवर बसवणं, उठवणं, पुसणं मी करते. रात्री तो बऱ्याच वेळा उठतो, कधी वेळेवर, कधी चादर बदलावी लागते. सरकारी योजनेतून आम्हाला आठवड्यातले काही तास एक सपोर्ट वर्कर मिळाला होता. चांगला मुलगा, पंजाबी. तो याला पोहण्याच्या तलावात व्यायामाला न्यायचा, येताना कॉफी पाजायचा. त्या वेळात मी झोपायचे. फोन बंद करून, पडदे ओढून, मेल्यासारखी. त्या झोपेवर माझा आठवडा चालायचा, माझी नोकरी चालायची, आणि खरं सांगायचं तर आमचं घर चालायचं.

मागच्या वर्षी या तासांची फेरतपासणी निघाली. असेसर, म्हणजे तपासणीचा माणूस, घरी येऊन बघून जाणार होता.

आता ‘घरी येऊन बघून जाणार’ हे शब्द ऐकल्यावर आपल्यासारख्या घरात वाढलेली बाई काय करते? मी आदल्या दिवशी पंख्याची पाती पुसली. कमोडची खुर्ची उचलून गॅरेजमध्ये ठेवली. पलंगाचा कठडा काढला, त्यावर सोलापुरी चादर घातली. प्लॅस्टिकची चादर, पॅडचे पुडे, सगळं कपाटात कोंबलं. सकाळी त्याची गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा निळा शर्ट घातला, आफ्टरशेव्हसुद्धा लावलं. आणि कांदेपोहे केले, वर खोबरं-कोथिंबीर पेरून. लग्नाआधी मला बघायला आले होते तेव्हा आईने फुटक्या कपांचा ट्रे मोलकरणीबरोबर शेजारी पाठवली होती. मी काही वेगळं करत नव्हते.

असेसर एक धिप्पाड माणूस होता, आमच्याच वयाचा. आत आला, बूट काढू का विचारलं, आणि शोकेसमधली छोटी लाल मस्टँग बघून थांबला. त्याच्या वडिलांकडे खरी होती म्हणे. झालं. पुढचा बराच वेळ माझ्या घरात दोन पोरं बसली होती. तो विचारत होता आणि माझा नवरा उत्तरं देत होता. शब्द अडला की मी तो पुरवत होते, मलाही ते तोंडपाठ झाले होते. मग त्याने विचारलं, पहिली टर्बो गाडी कोणती, आणि मुद्दाम दुसऱ्याच एका गाडीचं नाव घेतलं. नवरा खुर्चीत ताठ झाला. “नो. जेटफायर,” म्हणाला. मग तोडक्या शब्दांत, हाताने, माझ्या मदतीने त्याने तिची सगळी हकिकत सांगितली. इंजिनात ठोके बसू नयेत म्हणून तिला एक वेगळी टाकी होती. त्यात पाणी आणि मिथेनॉल भरायचं. लोक भरायला विसरायचे. टाकी रिकामी झाली की टर्बो गप्प बसायचा आणि लोक कंपनीला शिव्या द्यायचे. शेवटी कंपनीने टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायला सुरुवात केली. “फ्री!” असं म्हणून नवरा हसला. झटक्यानंतर तो पाहुण्यासमोर पहिल्यांदाच हसला.

मला इतका अभिमान वाटला. त्या अभिमानात असतानाच त्या माणसाने मला विचारलं की आंघोळ वगैरे तो स्वतः करतो का, आणि माझ्या तोंडून गेलं की हो, मॅनेज करतो, मी थोडी मदत करते. रात्री? ठीक असतं. जेवण? काही प्रॉब्लेम नाही. नवऱ्याच्या समोर दुसरं काय बोलणार होते? त्याने पोह्यांची बशी चाटूनपुसून साफ केली, रेसिपी विचारली, आम्ही दोघं फार छान सांभाळतोय असं म्हणाला, आणि गेला.

काही आठवड्यांनी फोन आला. तास निम्म्याहून खाली आले होते. प्रगती चांगली आहे, संवाद चांगला आहे, घरात भक्कम आधार आहे. फोनवरची बाई अभिनंदन केल्यासारखं सांगत होती.

मुलगी वॉलॉंगॉंगला युनिव्हर्सिटीत शिकते. तिला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, “आई, तू त्याला पोहे दिलेस? सीरियसली? यू आर सपोज्ड टु टेल देम द वर्स्ट डे.” सगळ्यात वाईट दिवस. तिच्या सगळ्या मित्रमैत्रिणींना हे माहीत होतं, तिला माहीत होतं, मलाच नव्हतं. मी तिच्यावर ओरडले. सगळ्यात वाईट दिवस परक्या माणसाला कोण दाखवतं? घरातली घाण दारात आणून ठेवायची का? ती म्हणाली, हो. तेच करायचं असतं.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत, आणि त्याचं वाईटही वाटत नाही. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी डुलक्या घ्यायचे. दूध उतू जाणं रोजचं झालं. संध्याकाळची प्रश्नमंजूषा बंद पडली. तो खुर्चीत बसून राहायचा, मी कणिक मळायचे आणि मला प्रश्नच सुचायचा नाही. एका सकाळी त्याला शॉवरमधल्या खुर्चीत बसवलं, पाणी सुरू केलं आणि टॉवेल आणायला खोलीत आले. पलंगाच्या कडेला एक क्षण टेकले आणि तिथेच झोपले. जाग आली ती ठोक्यांनी. तो शॅम्पूची बाटली भिंतीवर आपटत होता. गरम पाणी केव्हाच संपलं होतं, थंड पाण्याखाली तो निळा पडून कुडकुडत होता. हाक मारायला त्याला शब्दच सापडला नव्हता.

मी मुलीला हे सांगितलं तेव्हा फोन स्पीकरवर होता. ती रडली, मग म्हणाली की असंच चाललं तर बाबाला केअर होममध्ये ठेवावं लागेल, मला तू मेलेली नको आहेस. मी मान वर केली तर तो दारात काठी धरून उभा. समजतं त्याला सगळं.

फेरविचाराचा अर्ज मुलीनेच केला. पुन्हा कोणीतरी बघायला येणार होतं. या वेळी मी पंख्याला हात लावला नाही. कमोडची खुर्ची जिथे असते तिथे, पॅडचे पुडे उघड्यावर, बादलीत रात्रीची चादर. आदल्या संध्याकाळी मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं की उद्या मी तुझ्याबद्दल तुझ्यासमोर वाईट बोलणार आहे. सगळं खरं असेल, पण वाईट असेल. तू ऐकून घे. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीबाहेर शेजाऱ्याचा स्प्रिंकलर फिरत होता, तो बघत राहिला. सकाळी त्याने गालावरून बोट फिरवून दाढीची खूण केली. मी म्हटलं, आज नाही. त्याने शर्टाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, आज हाच असू दे. त्यावर आमटीचा डाग होता. आयुष्यात मी कोणाला इतकं छोटं केलं नव्हतं.

या वेळी बाई आली, मवाळ, माझ्याहून लहान. आधी त्याच्याशी बोलली, मग माझ्याशी, त्यामुळे मला ती आवडली. मी चहासुद्धा विचारला नाही. ती विचारत गेली आणि मी सांगत गेले. कोण पुसतं, रात्री काय होतं, चादरी किती, तो कधी कधी रागाने हात कसा झिडकारतो, मी झोपले तेव्हा काय झालं. सगळं इंग्रजीत. मराठीत मला ते बोलता आलं नसतं. तो गालिच्याकडे बघत बसला होता, दाढीचे खुंट वाढलेला, डागाळलेला, आणि माझ्या प्रत्येक वाक्याबरोबर त्याची मान थोडी खाली जात होती. मला थांबावंसं वाटत होतं, पण मी थांबले नाही.

ती बाईसुद्धा अवघडली असावी. तिने हातातला टॅबलेट बंद केला आणि वातावरण हलकं करायला त्याच्याकडे वळून म्हणाली की तुमच्या फायलीत लिहिलंय, तुम्हाला गाड्यांबद्दल सगळं माहीत आहे. तेव्हा सांगा बरं, पहिली टर्बो गाडी कोणती होती?

तो एकदा सुरू झाला की किती बरा दिसतो हे मला माहीत होतं. त्याने मान वर केली. तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे वळून म्हणाला, “डोन्ट नो.”

स्पष्ट म्हणाला. कुठेही न अडखळता. तिने आणखी सोपं करून विचारलं, आवडती गाडी तरी? त्याने खांदे उडवले. “डोन्ट नो.” ती म्हणाली, नो वरीज, आणि त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

मला वाटलं, गेलं. एवढं एकच त्याच्याकडे शिल्लक होतं आणि माझ्या वाक्यांनी तेही पुसलं. तिला दारापर्यंत सोडून मी स्वयंपाकघरात आले आणि सिंकला धरून रडले. नळ चालू ठेवला होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. काठीचा आवाज जवळ आला. त्याने डाव्या हाताने नळ बंद केला.

“जेटफायर,” तो म्हणाला. “सिक्स्टी टू.” मग तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. “तू... झोप.”

मी आत जाऊन पडले. सांगितलं होतं त्याने, म्हणून. पडदे ओढले, उशी डोक्यावर घेतली. बाहेरून त्याचा आवाज येत होता, अगदी हळू, स्वतःशीच. नाव, साल, इंजिन. नाव, साल, इंजिन. अडला की मागे जायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचा. परक्या बाईसमोर त्याने जे नाही म्हणून सांगितलं होतं, ते अजून जागेवर आहे ना, हे तो एकेक करून तपासून बघत होता.

पुढे तास आम्हाला परत मिळाले. त्याने झोप म्हणून सांगितलं त्या दिवशी मात्र मला झोप आली नाही.